बसून करायचा स्वयंपाक

सुमन, तू गेलीस त्या दिवशी तुझ्या परभणीच्या घरात चूल पेटली नाही. रीतीप्रमाणे शेजारणींनी पिठलं-भाकरी करून आणली आणि स्मशानातून माणसं परतल्यावर सगळ्यांना बळंच जेवायला बसवलं. मी पहिला घास घेतला आणि तोंडून निघून गेलं, "मीठ जास्त पडलंय." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुझा नवरा, माझा धाकटा दीर, भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली आणि रडता रडताच म्हणाला, "वहिनी, ती म्हणायची, माझ्या मयतीच्या पिठल्याला बी अक्का नावं ठेवतील."

म्हणजे तुला तेही माहीत होतं. दिवस थोडे राहिलेत हे माहीत होतं, पिठल्याला नावं ठेवायला मी येणार हे माहीत होतं. फक्त मला काही माहीत नव्हतं. घरातली मोठी जाऊ मी, आणि तुझं दुखणं मला तुझ्या मरणासोबत कळलं. दिराला तू शपथ घातली होतीस म्हणे. मी ती घास गिळायच्या आधी ऐकली आणि अजून गिळता आलेली नाही.

आज सोळावा दिवस. काल तुझ्या गल्लीतली रुबीना माझ्याकडे सेलूला येऊन गेली. तुझं स्वयंपाकाचं ॲप बांधून तयार आहे म्हणाली. ते लोकांच्या हातात द्यायचं, पण तू तिला बजावून गेलीस की अक्कांच्या 'हो'शिवाय चालू करायचं नाही. पहिला प्रश्न ठेवायचा की काढायचा, ते अक्का ठरवतील. तिनं दोन्ही तऱ्हांनी करून ठेवलंय. एकात तुझा प्रश्न आहे. दुसऱ्यात माझं मसाल्याचं पाकीट आहे. कुठलं घ्यायचं ते मला उद्यापर्यंत सांगायचंय.

आयुष्यभर मी सौदे केले, पण समोरचं माणूस उठून कायमचं निघून गेलं आणि सगळा माल माझ्या पदरात टाकून गेलं, असा सौदा कधी केला नव्हता. जिंकले म्हणायचं का याला?

तू लग्न होऊन चारठाण्याजवळच्या आपल्या गावी आलीस तेव्हा घरात खाणारी चौदा माणसं आणि करणाऱ्या आपण दोघी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आमटी तुझ्याकडे दिली होती. सासरे पहिल्या घोटाला थांबले. मी दारात उभी होते. "काय गं, मिठाची गाडी उलटली का घरात?" मी म्हणाले. सगळे हसले. तूही हसलीस, आणि त्या दिवशी जेवली नाहीस. माझ्यासाठी ती गोष्ट तिथंच संपली. मला तोंडाला येईल ते बोलायची सवय आणि बोललेलं विसरायचीही. पुढं माझे मालक वारले, मी गाव सोडलं, लोकांच्या मिरच्या उखळात कांडून दिल्या, सेलूच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराशी, मिरची कांडायचा एक डंका टाकला, मग दुसरा. तुम्ही परभणीला गेलात, तू शाळेच्या कचेरीत कारकून झालीस. वीस वर्षांनी कधीतरी माझ्या दुकानात पोत्यावर बसून तू सहज म्हणालीस, "अक्का, मिठाच्या डब्यात हात घालताना मला अजून बी तुमचा आवाज येतो."

"मग आमटी चांगली होत असंल," मी म्हणाले.

"चांगली होते. पण हात डब्यातच अडकतो त्याचं काय?"

त्याच दिवशी तू पिशवीतून शाळेतले पाठकोरे कागद काढले. त्यांवर पेनानं मोबाईलसारख्या चौकटी आखल्या होत्या. स्वयंपाकाचं ॲप काढायचं म्हणालीस. मी हसले. असली ॲपं ढिगानं पडलीत, फुकट मिळतात, कोण बघणार तुझं?

"त्यात सगळ्या बाया आधीच हुशार असतात, अक्का. चकचकीत ओटा, हसरं तोंड. मला घाबरलेल्या बाईसाठी पाहिजे. कामावरून आली, पाय दुखायलेत, पोरं भुकेली हायेत, सासू दारात उभी हाय. तिला कुणी न ओरडता सांगितलं पाहिजे."

"आणि सांगणार कोण?"

"तुमीच. तुमच्याएवढं कुणाला येतं? फक्त ओरडणं मी काढून टाकीन."

मी मनावर घेतलं. खरं सांगते, तू मला गरजेची समजलीस याचा मला आनंद झाला होता. तो मी दाखवला नाही. समोरच्याला आपला आनंद दिसला की भाव उतरतो, हे माझ्या हाडात बसलंय.

रविवारी सकाळच्या गाडीनं तू सेलूला यायचीस. मी करायचे, तू लिहायचीस, रुबीना नंतर ते मोबाईलमध्ये बसवायची. पोरगी इंजिनिअरिंग शिकलेली, तुझ्या गल्लीतली, गप्प आणि कामाला वाघ. वरणफळं, अंबाडीची भाजी, धपाटे, येसराची आमटी, ताकातल्या कण्या. मी मुठीनं माप सांगायचे आणि तू मुकाट लिहून घ्यायचीस. मग रुबीनाच्या आईनं आपल्या कागदावरून पिठलं केलं, दोन मुठी बेसन घालून. ते इतकं घट्ट झालं की रुबीनानं वाटी उलटी करून आपल्याला दाखवली. पडलं नाही. तू माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरलास.

"अक्का, मुसळ धरून धरून हात केवढा झालाय बघा! ही एका बाईची मूठ न्हाई. ही दोन बायांची मूठ हाय."

सगळी मापं पुन्हा काढायला लागली. तुझ्या मुठीनं. मी चिडचिड केली, पण तुझा हात माझ्या हाताशेजारी किती बारीक दिसला ते तेव्हा बघितलं होतं मी. बघितलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. मिरची चोळून तिच्यात रंग मिसळलाय का हे सांगणारी बाई मी.

मग तिखटाचा घोळ निघाला. 'एक चमचा तिखट' असं तू लिहिलं होतंस, आणि मी डोक्याला हात लावला. उन्हाळ्यात माझ्या डंक्यावर वर्षाचं तिखट कांडायला शंभर घरच्या बायका येतात आणि कुणाही दोघींचं तिखट सारखं नसतं. एकीचं नुसतं लाल, दुसरीचं डोळ्यांतून पाणी काढणारं. एकीच्या चमच्यात दुसरीचं पोर रडेल. माझ्याकडे त्याला सरळ उत्तर होतं. माझ्या दुकानाचं पाकीट. ॲपमध्ये प्रत्येक भाजीला तेच सांगायचं, जिल्हाभर एकच चव, काही चुकायलाच नको. यात माझा फायदा होता हे मी कधी लपवलं नाही. दोघींचाही होता.

तू मानेनंच नाही म्हणालीस. "पाकीट आणायला जायचं म्हटलं की तिची दमणूक तिथंच सुरू झाली. घरात हाय त्याच तिखटात झालं पाहिजे. पहिल्या दिवशी ॲप अर्धाच चमचा सांगंल. मग विचारंल, कमी पडलं का? दोन दिवसांत त्याला त्या घरचं तिखट कळंल."

"आणि पहिल्या दिवशी भाजी मिळमिळीत झाली म्हणजे?"

"मिळमिळीत भाजीनं कुणी मरत न्हाई, अक्का. खारट आमटीनं बी मरत न्हाई. तेच तर सांगायचंय मला."

यावर आपण तीन रविवार भांडलो. मला वाटत होतं, तू चौथ्या रविवारी नमशील. पण तू सेलूला यायचंच बंद केलंस. पाठ धरलीय म्हणालीस, तुमीच या. मला वाटलं, आता मला येरझाऱ्या घालायला लावते. ही मोठी झाली.

शेवटी मीच परभणीला आले, तो रविवार मी रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवते. कुठंतरी एखादी फट सापडेल, जिथून वेगळं घडवता येईल, असं वाटतं.

मी आले तेव्हा तू स्वयंपाकघरात जमिनीवर पाटावर बसून अंबाडी निवडत होतीस. शेगडी ओट्यावरून खाली उतरवली होती. मी विचारलं, "हे काय? शेगडी खाली?" तू म्हणालीस, "बरं वाटतंय, अक्का. गावाकडच्या चुलीसारखं." मी उभी होते आणि तू उठली नाहीस. चहा कर असं रुबीनाला सांगितलंस. मी मोठी जाऊ, दोन महिन्यांनी तुझ्या दारी आलेली, आणि तू बसल्या जागेवरून हुकूम सोडतेस. माझं डोकं तिथंच तापलं होतं.

रुबीनानं पहिलं पान दाखवलं. कुठलंही ॲप उघडलं की भाज्यांचे फोटो दिसतात. तुझ्यात फोटो नव्हता. नुसता प्रश्न होता. 'आज अंगात किती त्राण आहे?' खाली तीन उत्तरं. 'उभं राहून करेन.' 'बसून करेन.' 'आज काहीच होणार नाही.' त्यातल्या 'बसून' वर बोट ठेवलं की अठरा पदार्थ निघायचे, सगळे एका पाटावर, हात पुरेल तेवढ्या सामानात होणारे. अठरा! तेवढे तू एकटीनं बसवले होतेस, मला न विचारता.

मी म्हणाले, "दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते विचारतात. तुझ्या अंगात जीव हाय का, असं कुणी विचारतं का?"

"विचारत न्हाई कुणी," तू म्हणालीस. "म्हणून तर ठेवलाय."

"हा प्रश्न काढ. आणि हे बसून करायचं समदं काढ. घरोघरी ओटे झाले आता. बसून कोण करतंय?"

"मी करते."

सुमन, तू तेव्हा सांगितलं होतंस. आता कळतं, तेवढंच तू सांगू शकत होतीस. आणि मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे, रुबीनाला माहीत आहे, आता इथं मीही लिहिते. मी म्हणाले, "तुला उभं राहून दोन भाकरी थापायचा कंटाळा आलाय, म्हणून जगाला खाली बसवायला निघालीस. बसून खायची सवय लागली तुला."

तू अंबाडीचं पान खुडलंस. पुढचं खुडलंस.

मग मी माझी नेहमीची चाल खेळले. मोंढ्यात ती सगळ्यांना माहीत आहे. भाव जमत नसला की मी पदर सावरते आणि उठते. चार पावलं टाकली की मागून हाक येतेच: "बाई, या, बसा, काय द्यायचं ते द्या." आजवर ही चाल वाया गेलेली नव्हती. तुझ्या दारात मी चपला सावकाश घातल्या. पट्टा नीटच होता, तरी वाकून नीट केला. फाटकाची कडी दोनदा वाजवली. हाक आली नाही. गल्लीच्या टोकाला थांबले, तिथंही आली नाही. मी ठरवलं, ठीक आहे. जिला गरज असेल ती बोलवेल. तोवर मी बोलणार नाही.

आत काय झालं ते मला काल रुबीनानं सांगितलं. तू पाट धरून उठायला बघितलंस आणि तुला उठता आलं नाही. रुबीना मला बोलवायला दाराकडे निघाली तर तू तिच्या ओढणीला धरलंस. "हाक मारू नको. हाक मारली की अक्का परत येतील, आणि मला उठता येत न्हाई ते बघतील." मी तेव्हा फाटकाशी उभी होते. कडी वाजवत होते.

मणक्यातली गाठ तोवर पसरली होती. नांदेडला दवाखान्यात तुझ्या फेऱ्या सुरू होत्या. आणि 'बसून' ची यादी काय होती ते मला परवा तुझ्या स्वयंपाकघरात कळलं. तेराव्यानंतर चूल पेटवायला मी तिथं गेले तर शेगडी अजून खालीच होती. मी पाटावर बसले आणि हात लांब केला. मीठ, तिखट, हळद, तेलाची बुधली, पळी, सांडशी, सगळं हाताच्या टप्प्यात, एका अर्धगोलात मांडलेलं. यादीतल्या अठरा पदार्थांना लागतं तेवढंच सामान. एखादा डबा जास्त नाही. तू बायकांसाठी ॲप बनवत होतीस आणि स्वतःवर ते बेतून बघत होतीस. आज उभी. आज बसून. आज काहीच नाही. आणि मी त्यात खोट काढली.

पण मला सगळा दोष घ्यायचा नाही. तू गेलीस म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही. तू मला फसवलंस. पंचवीस वर्षं मला ओळखणारी तू. तुला माहीत होतं, मी तोंडाची वाईट आहे, हाताची नाही. तुझं पहिलं बाळ राहिलं नाही तेव्हा महिनाभर तुझ्या उशाशी ताकातल्या कण्यांचा वाडगा कोण ठेवत होतं? रोज शिव्या देत ठेवत होते, पण ठेवत होते ना? मग मला आजारी माणसाच्या घरातून रागावून उठू का दिलंस? मी तुझी शेगडी ओट्यावर चढवली असती. तुला उचलून नांदेडला नेलं असतं. डॉक्टरांशी भांडले असते. तू मला भांडायला काहीच ठेवलं नाहीस.

त्या रविवारपासून पाच महिने आपला अबोला. त्यातल्या दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात तुझा संदेश आला. वरूनच दिसत होतं, शब्द एकही नाही, नुसती ॲपची लिंक. मी उघडला नाही. उघडला असता तर मी वाचला हे तुला दिसलं असतं, आणि आधी कोण नमलं ते ठरून गेलं असतं. फोन आला तरी मी तिसऱ्या रिंगच्या आत उचलत नाही, तुला ठाऊक आहे. रोज मसाल्याच्या हातानं फोन घ्यायचे, तुझ्या नावापुढचा, न वाचलेल्या संदेशाचा तो हिरवा ठिपका बघायचे आणि फोन खाली ठेवायचे. मला त्यात एक समाधानही मिळत होतं, हे लिहायला लाज वाटते. ठिपका आहे म्हणजे तू वाट बघतेस. तू वाट बघतेस म्हणजे सौदा अजून चालू आहे.

आज दुपारी डंके बंद केले. बायकांना घरी पाठवलं. हवेत भरून राहिलेल्या मिरचीच्या खाटात एकटी बसले आणि ठिपक्यावर बोट ठेवलं, मग लिंकवर.

तेच पहिलं पान. 'आज अंगात किती त्राण आहे?'

गेल्या सोळा दिवसांत मला हे कुणी विचारलेलं नाही. कुणी असं विचारावं अशी बाई मी नाही, हे मला माहीत आहे. मी तिसरं दाबलं. 'आज काहीच होणार नाही.'

मला वाटलं होतं कण्या निघतील, नाहीतर ताक-भाकरी. पदार्थ निघालाच नाही. एवढंच लिहून आलं: 'मग आज करू नका. कुणाला हाक मारू?' खाली एकच नाव होतं. तुझ्या चाचणीच्या ॲपमध्ये तू भरलेलं. 'अक्का.' त्यापुढं फोनचं हिरवं चिन्ह.

मी ते दाबलं. माझ्याच फोनवरून माझ्याच नंबरला. आतून बाई बोलली की हा क्रमांक सध्या व्यस्त आहे.

तू ते चिन्ह किती वेळा बघितलं असशील? पाटावर बसून, मग अंथरुणावरून? बोट तिथवर नेऊन किती वेळा मागं घेतलंस? का दाबायची गरजच नव्हती तुला, माझं नाव तिथं आहे एवढं पुरत होतं? मला उत्तर हवंय आणि ते द्यायला तू नाहीस. भांडण असं अर्ध्यावर टाकून जाणं हा कुठला न्याय?

मी रुबीनाला फोन लावला. म्हणाले, प्रश्न राहू दे. बसून करायचं सगळं राहू दे. पाकीट काढून टाक. ती पलीकडे रडायला लागली, तर मी ओरडले, "आधी ऐक, माझी एक अट हाय. ते हाक मारायचं नाव बाईनं भरल्याबिगर ॲप उघडायचंच न्हाई. मागनं भरीन म्हणणारी कधी भरत न्हाई."

रुबीना तुझ्याच आवाजात बोलली, खरंच, तुझ्याजवळ बसून बसून तुझ्यासारखी बोलायला लागलीय ती. "अक्का, जिचं कुणीच न्हाई, तिनं तिथं काय भरायचं? ती तिथंच अडकंल. पुन्हा तिलाच त्रास."

याचं उत्तर तुला सुचलं असतं.

"बरं," मी म्हणाले. "तिथं माझा नंबर टाक."

"कुणाकुणाचे फोन येतील, अक्का. तुमी चिडाल."

"चिडंन. पण उचलंन."

तुझाही उचलला असता, सुमन. पहिल्या रिंगला उचलला असता असं खोटं कशाला लिहू? तिसऱ्या रिंगला उचलला असता. पण तू लावायला हवा होतास.